सशर्त परवानगीची पस्तीस वर्षं

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब फुटला, तेव्हा उराकामी कॅथेड्रलमध्ये भाविक पापनिवेदनासाठी आले होते. स्फोटाच्या केंद्रापासून हे चर्च जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीतल्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मारले गेले. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात पिढ्यान् पिढ्या लपूनछपून श्रद्धा जपणाऱ्यांचे हे वंशज.

बॉम्ब टाकणाऱ्या दलाचे कॅथलिक धर्मगुरू होते फादर जॉर्ज झाबेल्का. नागरिकांच्या संहाराविरुद्ध आपण कधी अवाक्षर काढलं नाही, याची बोच त्यांना पुढे लागून राहिली. १९८०च्या दशकात ते सिॲटलहून बेथलेहेमला निघालेल्या शांतियात्रेत चालले.

चर्चनंही बोलायला वेळ घेतला. शहरंच्या शहरं बेचिराख करणं हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली ठणकावलं. पण बॉम्ब टाकणं पाप, तर नुसता धाकासाठी बाळगणं काय? जून १९८२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संयुक्त राष्ट्रांना कळवलं, की टप्प्याटप्प्यानं निःशस्त्रीकरणाकडे नेणारी पायरी म्हणून हा धाक तूर्त नैतिकदृष्ट्या चालू शकेल. अमेरिकी बिशपांनी १९८३च्या पत्रात ही अट आणखी कडक केली.

सिॲटलचे आर्चबिशप रेमंड हंटहाउझन यांना तेवढीही सवलत मान्य नव्हती. ट्रायडंट पाणबुड्यांचा तळ त्यांच्या शहराजवळच होता. त्यांनी त्याला १९८१मध्ये ‘प्युजेट साउंडचं ऑश्विट्झ’ म्हटलं आणि पुढच्या वर्षी निषेध म्हणून आपला अर्धा आयकर भरायचं नाकारलं.

शीतयुद्ध संपलं, अण्वस्त्रांची संख्या बरीच घटली. पण अण्वस्त्रधारी देश ती सोडायला तयार झाले नाहीत. पायरी म्हणून मान्य केलेली जागा कायमचा मुक्काम झाली. अखेर २० सप्टेंबर २०१७ रोजी, अण्वस्त्रबंदी करार सह्यांसाठी खुला झाला त्याच दिवशी, व्हॅटिकननं सही करून त्याला मान्यताही दिली. नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रं बाळगण्याचाच निषेध केला. २०१९ साली हिरोशिमात ते त्याला अनैतिक म्हणाले.

करार २०२१मध्ये अमलात आला. एकही अण्वस्त्रधारी देश त्यात नाही. म्हणून मग धर्माचा आवाज वाया गेला का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत सांता फे इथल्या आर्चबिशप जॉन वेस्टर यांच्या धर्मप्रांतात लॉस अलामॉस आणि सँडिया या अण्वस्त्र प्रयोगशाळा येतात. तिथल्या कितीतरी कुटुंबांची चूल त्यांवर पेटते. जानेवारी २०२२मध्ये त्यांनी याच लोकांना पत्र लिहून निःशस्त्रीकरणावर बोलायचं आवाहन केलं. राज्यकर्त्यांना ‘तूर्त’ हा शब्द सोयीचा असतो. त्याची मुदत कधी संपली, हे सांगायचं काम धर्मपीठांनी करायला हवं, आणि ते पस्तीस वर्षं थांबून नव्हे, दर पिढीला करायला हवं.