काम बाहेर द्यावे की घरीच करावे?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते : "एक आयडिया आहे, पुण्यात कोणाकडून तरी करून घेऊ." नोकरी सांभाळून स्वतःचे काहीतरी सुरू करावे, ही इच्छा आपल्यापैकी अनेकांना असते. थोडी शिल्लक असते, भारतात ओळखी असतात आणि डॉलर-रुपयाचा हिशोब मोह पाडतो. मग प्रश्न येतो, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यावे की स्वतःची माणसे नेमावीत? हा निर्णय मी एकदा चुकीच्या पद्धतीने घेतला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

२०१६ साली इथे न्यू जर्सीत आम्ही दोघा मित्रांनी छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचे सॉफ्टवेअर करायचे ठरवले. काम माझ्या एका शाळासोबत्याच्या पुण्यातल्या कंपनीला दिले. ओळखीचा माणूस, त्यामुळे करार म्हणजे दोन-चार ई-मेल. सॉफ्टवेअर चांगले झाले, गिऱ्हाइकेही मिळाली. दोन वर्षांनी एक गुंतवणूकदार तयार झाला. त्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "या कोडचा मालक कोण?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कोड पुण्याच्या सर्व्हरवर होता, तो लिहिणारी मुले नोकरी सोडून गेली होती आणि त्यात त्या कंपनीच्या इतर कामांतले भागही मिसळलेले होते. सगळे आमच्या नावावर करून द्यायला शाळासोबती कचरत होता, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचेही चूक नव्हते. पाच महिने घोळ चालला. गुंतवणूकदार निघून गेला, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि तीस वर्षांची मैत्री आता दिवाळीच्या शुभेच्छांपुरती उरली आहे.

हा प्रश्न नवा नाही

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ साली हाच प्रश्न मांडला होता : सगळे बाजारातून विकत मिळते, तर मग कंपन्या असतातच कशाला? त्याचे उत्तर असे की बाजारातून घेण्यालाही खर्च असतो. माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे, कामावर लक्ष ठेवणे. हा खर्च फार वाढला की काम घरात केलेले परवडते. कोस यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मात्र ताशी दर तेवढा बघतो आणि हा दुसरा खर्च विसरतो.

मोठ्यांचेही अंदाज चुकतात. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी लवकर बाजारात आणण्यासाठी प्रोसेसर इंटेलकडून आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून घेतली. पीसी तुफान चालला, पण ती सिस्टिम इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडे राहिला. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. बोइंगने ७८७ विमानाचे मोठमोठे भाग जपान, इटली अशा ठिकाणच्या कंपन्यांकडे सोपवले. मे २००८ मध्ये द्यायचे पहिले विमान सप्टेंबर २०११ मध्ये दिले गेले, आणि मधल्या काळात बोइंगला एका पुरवठादाराचा साउथ कॅरोलायनातला कारखाना विकत घ्यावा लागला.

उलट उदाहरणही आहे. स्लॅकने २०१३ साली सुरुवातीचे डिझाइन मेटालॅब या बाहेरच्या कंपनीकडून करून घेतले, पण आतले इंजिनिअरिंग स्वतःच्या माणसांकडे ठेवले. म्हणजे बाहेर देणे वाईट नाही. काय बाहेर द्यायचे, हे महत्त्वाचे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो. कंत्राटदाराने लिहिलेला कोड मात्र, तुम्ही पैसे दिले असले तरी, लेखी करार नसेल तर सहसा त्याचाच राहतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आणखी एक मेख आहे. हक्क लेखी दिले, पण मुदत लिहिली नाही, तर ती फक्त पाच वर्षे धरली जाते; आणि प्रदेश लिहिला नाही, तर हक्क फक्त भारतापुरते मिळतात! तेव्हा "कायमचे आणि जगभरासाठी" हे शब्द करारात हवेतच.

कराचा हिशोब

अमेरिकेत सॉफ्टवेअर तयार करण्याचा खर्च संशोधन खर्चात धरला जातो. २०२५ च्या नव्या कायद्याने देशात केलेल्या कामाचा खर्च त्याच वर्षी वजा करता येतो, पण परदेशात केलेल्या कामाचा १५ वर्षांत विभागावा लागतो. समजा, पुण्यात ६०,००० डॉलर्सचे काम करून घेतले, तर साधारणपणे पहिल्या वर्षी वजा होतात फक्त २,०००. धंद्याला उत्पन्न सुरू झाले असेल, तर स्वस्ताईचा काही भाग इथेच जातो. आपल्या सीपीएला आधी विचारा.

मग ठरवायचे कसे?

१. गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी तुमच्याकडे येते, ती घरात ठेवा. हिशोब, पगारपत्रके, वेबसाइटचे डिझाइन, टेस्टिंग खुशाल बाहेर द्या.

२. काम दर आठवड्याला बदलणार असेल, तर माणूस जवळ हवा. न्यू जर्सी आणि पुणे यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येते.

३. काम नेमके लिहून देता येत असेल, तरच बाहेर द्या. स्वतःलाच नीट माहीत नाही, ते दुसऱ्याला कसे सांगणार?

४. कोड पहिल्या दिवसापासून तुमच्या खात्यावर ठेवा, आणि तो वाचता येणारा निदान एक माणूस तुमच्या बाजूला असू द्या.

५. नातलग असो वा मित्र, करार लेखीच करा. खरे तर नातलग आणि मित्र असेल तर जास्तच.

आपल्या घरातले फराळाचे उदाहरण घ्या. चकल्या पुण्याहून मागवल्या तर काही बिघडत नाही. पण भाजणीचे प्रमाण घरात कोणालाच माहीत नसेल, तर पाठवणाऱ्याने दुकान बंद केले की दिवाळीत चकली नाही!

आता पुन्हा काही सुरू केले, तर मी पुण्याला काम देईन का? नक्की देईन. फक्त आधी कागद करीन आणि मग फोन करीन. त्या जुन्या मित्राशी मी हे आधीच केले असते, तर कदाचित आजही आमच्या गप्पा चालू असत्या.

तुमचे अनुभव जरूर कळवा. कोणाचे तरी पैसे आणि मैत्री, दोन्ही वाचतील.