वाहनविक्रीपासून जाहिरातकलेपर्यंत
लक्ष्मणराव किर्लोस्कर
जन्म : २० जून १८६९ · निधन : २६ सप्टेंबर १९५६

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता रंगांधत्वामुळे ज्यांना कुंचला खाली ठेवावा लागला, त्या लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलविक्रीचा व्यवसाय आरंभिला, गिऱ्हाइकांस सायकल चालविण्याचे शिक्षणही दिले, आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसविली.

या कारखान्यात बनणाऱ्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होते हा रयतेचा समज मालाच्या केवळ गुणवत्तेने निवळणारा नव्हता. म्हणूनच लक्ष्मणरावांचे चित्रकार पुतणे शंकरराव यांनी चित्रमय जाहिरातींचा मार्ग पत्करला आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र काढले, ज्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ या नामांकित मासिकात रूपांतर झाले.

नांदेड-लातूरच्या काळ्या, चिकट जमिनीत हरळी-कुंदा या तणांचे समूळ उच्चाटन करण्यास खोल नांगरट किती आवश्यक असते, हे जाणणाऱ्या वाचकास या जाहिरातींचे खरे मोल उमगेल : विक्रीच्या निमित्ताने त्यांनी लोकशिक्षणच साधले, आणि आजच्या प्रत्येक वाहनविक्रेत्याने हा आदर्श शिरोधार्य मानावा.