विळी गेली अमेरिकेला

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज बोलतो. आज जरा गोष्टींबद्दल बोलू.

देश सोडून परमुलखात राहिलेल्या माणसांच्या कथा-कादंबऱ्यांना डायस्पोरा साहित्य म्हणतात. झुंपा लाहिरी या त्यातल्या नावाजलेल्या लेखिका. आईवडील बंगाली, जन्म १९६७ साली लंडनला, वाढल्या अमेरिकेत.

त्यांच्या एका कथेत मिसेस सेन आहेत. नवरा अमेरिकेत प्राध्यापक. बाई रोज खाली वर्तमानपत्र पसरून विळीवर भाजी चिरतात. कोलकात्याला लग्नघरी शेजारणी आपापली विळी घेऊन यायच्या, रात्रभर हसत-बोलत भाजी चिरायच्या. इथे विळी आहे, शेजारणी नाहीत. गाडी चालवायची भीती, म्हणून मासळी आणायलाही नवऱ्याची वाट बघायची. अख्ख्या कथेत बाईंचं स्वतःचं नाव येत नाही. त्या फक्त मिसेस सेन.

याच लेखिकेची ‘द नेमसेक’ ही कादंबरी २००३ साली आली. त्यातली आशिमाही लग्न होऊन कोलकात्याहून अमेरिकेला जाते. नवऱ्याचं नावसुद्धा ती तोंडाने घेत नाही. पुढे मुलं मोठी होतात, ती वाचनालयात काम धरते, तिथल्या बायका तिच्या मैत्रिणी होतात. नवरा अचानक वारतो. तेव्हा ती ठरवते, सहा महिने भारतात राहायचं, सहा महिने अमेरिकेत. हा निर्णय तिचा स्वतःचा.

दोघींत फरक काय? आशिमाला घराबाहेर काम मिळालं, मैत्रिणी मिळाल्या. मिसेस सेन घरातच अडकल्या.

हे फार लांबचं वाटतं का? लग्नात आपलंही गाव बदलतं, आडनाव बदलतं, कुणाकुणाचं तर नावही बदलतं. आमच्या गटात बँकेचा फॉर्म भरताना मी एका मावशींना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही की, सुरेशची आई.” मी म्हटलं, “मावशी, खातं तुमचं आहे.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग हळूच नाव सांगितलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं, याची मलाच लाज वाटली.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एवढं करा. प्रत्येकीने आपलं नाव स्वतः, मोठ्याने सांगा. माहेरचं वेगळं असेल तर तेही सांगा.