तेलाला अडवणारा मका

गरम भजी कागदावर ठेवली की डाग पडतो आणि तेवढाच कागद आरपार दिसू लागतो. असं का होतं? कागद म्हणजे तंतूंचं जाळं, आणि मधल्या पोकळ्यांत हवा. हवा आणि तंतू जिथे भेटतात तिथे प्रकाश विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल ती हवा हुसकावून पोकळ्या बळकावतं आणि प्रकाशाला वाट मोकळी होते!

तेल अडवायचं तर या पोकळ्यांवर थर हवा. प्लास्टिकचा थर चालतो, फ्लोरिनयुक्त रसायनंही चालतात. पण दोन्ही निसर्गात लवकर विरत नाहीत. मग दुसरं काय?

मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात डोकावू. दाणे कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजतात. कोंब तेलासाठी वेगळे निघतात, कोंडा चाळला जातो आणि उरलेलं पाणी यंत्रात गरगर फिरतं. जड स्टार्च एकीकडे जातो, हलकं प्रथिन दुसरीकडे. हे पिवळं मका ग्लुटेन बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जातं. त्यात सुमारे ६० टक्के प्रथिनं असतात आणि त्यांतलं मुख्य म्हणजे झेइन, दाण्याने कोवळ्या रोपासाठी बांधून ठेवलेली शिदोरी.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन गॉरहॅम यांनी १८२१ मध्ये ते वेगळं केलं. त्याचा स्वभाव मोठा विचित्र! पाण्यात विरघळत नाही. निर्जल अल्कोहोलमध्येही नाही. पण दोन्ही एकत्र करा, ७०-८० टक्के अल्कोहोल ठेवा, आणि झेइन विरघळतं! त्याच्या रेणूचे काही भाग पाण्याला बिचकतात, काहींना पाणी आवडतं. मिश्रणात दोघांचीही सोय होते.

हे द्रावण कागदावर फासून वाळवलं की पातळ पापुद्रा उरतो. त्यातले रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट धरतात की तेलाला आत शिरायला जागाच मिळत नाही. पाण्यानेही तो विरघळत नाही. तीव्र अल्कलीत मात्र विरघळतो, म्हणून कागदाचा पुन्हा लगदा करताना थर सोडवता येतो.

अडचणी आहेतच. नुसता पापुद्रा ठिसूळ असतो, घडीवर तडकतो. म्हणून त्यात ग्लिसरीनसारखं काही मिसळावं लागतं. पाण्याची वाफ त्यातून निसटते. अल्कोहोल वापरून झेइन काढणंही महाग पडतं.

तरी गंमत पाहा. मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नच्या पिशव्यांना तेल झिरपू नये म्हणून वर्षानुवर्षं फ्लोरिनची रसायनं लावली जात होती. तेल अडवणारं प्रथिन मात्र त्याच पिशवीतल्या प्रत्येक दाण्यात होतं!