बाळहातांतून शुभवार्ता

मुलाला गोष्ट सांगितली की ते ऐकते. तीच करून दाखवावयास सांगितली, की ते तिच्यात राहू लागते. ख्रिस्तसभेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, गवत पसरले आणि खरा बैल व गाढव आणून उभे केले. बेथलेहेमचे दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा हेतू.

आपल्या भाषेतही असेच घडले. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकण्याची गोडी होती. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. ज्याला जे रूप प्रिय, त्या रूपातून कथा द्यावी, हा त्यातील धडा. मुलांना प्रिय रूपे दोन : माती आणि सोंग.

दिवाळीत मातीचा किल्ला रचणारी बोटे नाताळात गोठा का रचणार नाहीत? थोडा चिखल, मूठभर पेंढा, काड्यापेटीची रिकामी खोकी एवढ्यात गव्हाण होते, नोहाचे तारूही होते. मेंढपाळाला आजोबांचे घोंगडे पुरते. मूर्ती वेडीवाकडी झाली तरी मोठ्यांनी ती सुधारू नये; त्या वाकडेपणातच मुलाचा विचार असतो.

नाट्याचे सामर्थ्य याहून मोठे. लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला घ्या. प्रत्येकाला शोमरोनी व्हायचे असते, बाजूने निघून जाणारा याजक कोणालाच नको असतो. म्हणून भूमिका आळीपाळीने द्याव्यात. जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या मुलाने दूर जाणारी पावले एकदा ऐकली, की पुढचे प्रवचन फारसे लागत नाही. खेळ संपल्यावर याजक झालेल्याला हळूच विचारावे, ‘‘बाळ, तू का थांबला नाहीस?’’ त्याच्या उत्तरात खरे धर्मशिक्षण सुरू होते.

एक सावधगिरी मात्र हवी. हे टाळ्यांसाठी नव्हे. चुणचुणीत मुलांनाच पुढे करून लाजाळू मुलाला पडद्यामागे ठेवले, तर दाखला आपणच खोटा ठरवला. बालकांच्या मिस्साविधीविषयी रोमहून १९७३ साली निघालेल्या मार्गदर्शिकेनेही योग्य त्या ठिकाणी वाचनातील पात्रे मुलांत वाटून देण्यास संमती दिली आहे.

घर ग्वाल्हेरच्या नई सडकेवर असो वा वसईच्या वाडीत, अंगणातली माती सर्वांपाशी आहे. आईबापांनो, येत्या रविवारी सायंप्रार्थनेआधी अर्धा तास मुलांसोबत जमिनीवर बसा. आणि त्यांनी तुम्हांलाच याजक केले, तर नाही म्हणू नका.