चित्रवाही विमानप्रतिकृतीतील ध्वनिमार्गी दूरमापन : संकेतदोषांचा शोध

प्रस्तावना

कॅमेरा बसविलेली दूरनियंत्रित विमानप्रतिकृती उडविणाऱ्याचे डोळे विमानातच असतात, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. विमानातील चित्र-ट्रान्समीटर दृश्य पाठवितो, जमिनीवरील रिसीव्हर ते पडद्यावर किंवा डोळ्यांवरील चष्म्यात दाखवितो आणि त्या दृश्याच्या भरवशावरच विमान वळविले व उतरविले जाते. विमान दूर गेले की सर्व दिशांनी ग्रहण करणारा साधा अँटेना पुरत नाही. एका दिशेने एकवटून ग्रहण करणारा अँटेना लागतो आणि तो सतत विमानाकडे वळता ठेवावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्राला, म्हणजेच ट्रॅकरला, विमानाचे अक्षांश, रेखांश व उंची कळणे आवश्यक असते.

ही माहिती खाली आणण्यासाठी स्वतंत्र रेडिओ न बसविता एक काटकसरीचा मार्ग रूढ झाला. चित्राबरोबर ध्वनी पाठविण्याची सोय बहुतेक ट्रान्समीटरमध्ये असे आणि विमानातून ऐकण्यासारखे पंख्याच्या घरघरीखेरीज फारसे काही नसते. तेव्हा त्या रिकाम्या ध्वनिवाहिनीतून आकडे पाठवावेत, ही कल्पना पुढे आली. दुतर्फा नियंत्रणदुवे सुलभ झाल्यावर ही पद्धत मागे पडली. तथापि अनुरूप चित्रसंचांवर ती आजही वापरता येते आणि संदेशवहनाच्या अभ्यासकाला ती फार काही शिकविते.

तिच्यात एक मूलभूत धोका आहे. ज्या दुव्याला टिकवून धरण्यासाठी माहिती हवी, त्याच दुव्यावरून ती माहिती येते. संकेत क्षीण झाला की आकडे तुटतात, आकडे तुटले की अँटेना वळत नाही आणि अँटेना न वळल्यामुळे संकेत आणखी क्षीण होतो. या चक्राचा शेवट बहुधा विमान गमावण्यात होतो. त्यामुळे येथील दोष उड्डाणापूर्वी जमिनीवरच शोधावा लागतो.

संकेताचा प्रवास

विमानातील संकेतक जीपीएसकडून आलेले आकडे दोन स्वरांत रूपांतरित करतो. अमेरिकेतील ‘बेल २०२’ या दूरध्वनी-मोडेमपासून चालत आलेल्या पद्धतीत द्विमान अंक १ साठी १२०० हर्ट्झचा आणि ० साठी २२०० हर्ट्झचा स्वर असतो व वेग सेकंदाला १२०० बिटांचा असतो. हे स्वर ट्रान्समीटरमधील ध्वनी-उपवाहकाचे मॉड्युलेशन करतात. चित्रसंकेताचा विस्तार सुमारे ५ मेगाहर्ट्झपर्यंत असल्याने उपवाहक त्याच्या वर, सामान्यतः ६ किंवा ६.५ मेगाहर्ट्झवर, ठेवलेला असतो. चित्र व उपवाहक मिळून ५.८ गिगाहर्ट्झसारख्या मुख्य वाहकाचे वारंवारता-मॉड्युलेशन करतात. जमिनीवर हीच क्रिया उलट क्रमाने घडते.

प्रारंभ व अखेर दर्शविणारे बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे जातात. संदेश २० अक्षरांचा असेल तर सेकंदाला सहा संदेश. हा वेग पुरेसा आहे का? सेकंदाला २० मीटर वेगाने आडवे जाणारे विमान १०० मीटरवर असेल तर एका सेकंदात त्याची दिशा सुमारे ११ अंशांनी बदलते, परंतु ते २ किलोमीटरवर असेल तर जेमतेम अर्ध्या अंशाने. जवळ असताना विमान डोळ्यांनीही दिसते आणि संकेतही प्रबळ असतो. दूर असताना एक-दोन सेकंदांचे संदेश गळाले तरी अँटेनाच्या रुंद झोतातून विमान निसटत नाही. म्हणून अधूनमधून गळणाऱ्या संदेशांची चिंता करण्याचे कारण नाही. सलग गळती आणि चुकीचे आकडे या दोन गोष्टीच घातक होत.

पहिले निदान कानाने

रिसीव्हरचा ध्वनी कर्ण्यावर ऐकावा. निरोगी संकेत जुन्या फॅक्सयंत्रासारखा अखंड कर्कश ऐकू येतो. त्याऐवजी एकच स्थिर शिटी ऐकू आली तर संकेतक जिवंत आहे, पण त्याला जीपीएसकडून आकडेच मिळत नाहीत, असे समजावे. कारण रिकाम्या वेळी मोडेम १२०० हर्ट्झच्या स्वरावर थांबलेला असतो. याहून उपयुक्त भेद शांतता व फुसफुस यांमधला आहे. पूर्ण शांतता असेल तर उपवाहक पोचला आहे, परंतु त्यावर स्वर चढलेला नाही. दोष ट्रान्समीटरच्या आधीच्या तारेत आहे. मोठी फुसफुस येत असेल तर रिसीव्हरला उपवाहकच सापडलेला नाही. ट्रान्समीटर ६.५ वर व रिसीव्हर ६ मेगाहर्ट्झवर असे झाल्यास चित्र उत्तम व ध्वनी शून्य, हा गोंधळात टाकणारा प्रकार घडतो. फुसफुस आपोआप दाबणाऱ्या रिसीव्हरमध्ये मात्र ही कसोटी लागू पडत नाही. डाव्या-उजव्या वाहिन्यांची अदलाबदल तपासण्यास क्षणभरही लागत नाही, म्हणून ती आधी तपासावी.

कान मात्र फार उदार असतो. विकृत झालेला स्वरही त्याला ओळखीचा वाटतो. ‘आवाज तर नीट येतो’ या समाधानावर विसंबून राहणे योग्य नाही.

रेडिओ वगळून चाचणी

संकेतकाची ध्वनी-तार थेट जमिनीवरील विसंकेतकाला जोडावी. दोन्हींचा भूसंपर्क एक असावा. अशा जोडणीत संदेश वाचले जात नसतील तर रेडिओचा काहीही संबंध नाही. वाचले जात असतील तर दोन्ही टोके निर्दोष ठरतात आणि शोधाचे क्षेत्र निम्मे होते. त्यानंतरच ट्रान्समीटर मध्ये आणावा. अँटेनाशिवाय तो सुरू करू नये आणि रिसीव्हर काही मीटर दूर ठेवावा, अन्यथा अतिप्रबळ संकेतामुळे नवाच दोष उद्भवेल.

पातळीचा प्रश्न

व्यवहारात आढळणाऱ्या दोषांत संकेताच्या पातळीचा क्रम बराच वर लागतो. मायक्रोफोनसाठी असलेल्या प्रवेशाला काही मिलिव्होल्ट पुरतात, तर संकेतक कित्येकदा एक व्होल्टच्या आसपास देतो. मग उपवाहकाचे विचलन मर्यादेबाहेर जाते, स्वरांची शिखरे छाटली जातात आणि विसंकेतक हतबल होतो. अशा वेळी पातळी वाढविण्याची स्वाभाविक प्रवृत्ती दोष अधिकच बळावते. योग्य रीत अशी की, बदलत्या रेझिस्टरने पातळी शून्यापासून वाढवीत न्यावी, संदेश वाचले जाऊ लागतात तो बिंदू व पुढे पुन्हा चुका सुरू होतात तो बिंदू, दोन्ही नोंदवावेत आणि या दोहोंच्या मध्यावर स्थिर करावे. १० किलोओहम व १ किलोओहम यांच्या साध्या विभाजकाने पातळी अकराव्या हिश्श्यावर येते.

मायक्रोफोनच्या प्रवेशावर एकदिश विद्युद्दाब असू शकतो. तो अडविण्यासाठी मार्गात कपॅसिटर घालतात. येथेही निवड चुकू शकते. पुढचा भार १० किलोओहम असता ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२०० हर्ट्झचा स्वर सुमारे ६० टक्क्यांवर आणतो, २२०० हर्ट्झचा मात्र ८१ टक्क्यांवरच. दोन स्वरांतील हा असमतोल कानाला जाणवत नाही, विसंकेतकाला जाणवतो. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास प्रश्न मिटतो.

टेबलावर निर्दोष, मैदानावर सदोष

मोटार बंद असता सर्व ठीक आणि सुरू होताच आकडे तुटतात, ही तक्रार सार्वत्रिक आहे. एक कारण अगदी साधे : ट्रान्समीटरवरील मायक्रोफोन काढण्याचे राहून गेलेले असते आणि पंख्याचा आवाज स्वरांत मिसळतो. दुसरे कारण भूसंपर्काच्या तारेत दडलेले असते. मोटारीचा २० अँपिअर प्रवाह व ध्वनिसंकेत यांची परतीची तार एकच असेल आणि तिचा रोध केवळ ५ मिलिओहम असेल, तरी तिच्यावर १०० मिलिव्होल्टचा दाब पडतो. वेगनियंत्रकाच्या खंडित प्रवाहामुळे हा दाब स्थिर न राहता थरथरतो आणि ध्वनीत उतरतो. चित्रसंचाला तात्पुरती वेगळी बॅटरी देऊन पाहावी. दोष नाहीसा झाल्यास कारण सापडले. परतीच्या तारा एका बिंदूपासून स्वतंत्र नेणे व वीजमार्गात कॉइल-कपॅसिटरची गाळणी घालणे हा कायमचा उपाय होय. ही चाचणी पंखा काढून केली तर मोटार फारच थोडा प्रवाह घेते व दोष लपून राहतो. पंखा ठेवून करायची तर विमान भक्कम बांधून आणि सर्वांना पंख्याच्या पातळीपासून दूर ठेवूनच करावी.

चित्रही ध्वनीत घुसते. कॅमेऱ्याच्या तारेला ७५ ओहमचा अंत्यभार नसल्यास चित्रसंकेताची पातळी जवळजवळ दुप्पट होते, मुख्य वाहकाचे विचलन प्रमाणाबाहेर जाते आणि तेजस्वी दृश्याबरोबर गुणगुण वाढते. विमान उजळ आकाशाकडे वळले की आकडे तुटणे हे याचे लक्षण. भिंग हाताने झाकून पाहिले की शंका फिटते.

अंतर वाढताना

वारंवारता-मॉड्युलेशनच्या ग्रहणात गोंगाट उच्च वारंवारतांकडे वाढत जातो. उपवाहक चित्राच्याही वर असल्याने तो गोंगाटाच्या तावडीत लवकर सापडतो. शिवाय डोळा हिमकणांनी भरलेले चित्रही समजून घेतो. संदेशाअखेरची पडताळणी-बेरीज एका बिटाची चूकही क्षमा करीत नाही. त्यामुळे चित्र दिसते आहे म्हणून आकडे येत असतील, हे गृहीतक सदोष आहे. विमान हातात घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे आणि योग्य संदेशांचे प्रमाण मोजावे. ध्वनीचे मुद्रण करून ठेवावे. तेच मुद्रण पुढे प्रयोगशाळेत विसंकेतकाला पुनःपुन्हा ऐकविता येते, हा या पद्धतीचा विशेष लाभ. मात्र ते संपीडित स्वरूपात नसावे आणि मुद्रकाचे स्वयंचलित पातळीनियंत्रण बंद असावे.

पडताळणी उत्तीर्ण होऊनही अँटेना भलतीकडेच पाहत असेल तर ध्वनिमार्गाला दोष देऊ नये. जीपीएसला उपग्रह सापडण्यापूर्वीच प्रारंभस्थान नोंदविले गेले असेल, तर अक्षांश शून्य व रेखांश शून्य, म्हणजे आफ्रिकेलगतच्या गिनीच्या आखातातील एक बिंदू, हेच ट्रॅकर आपले ठिकाण समजतो.

मूळ चक्र तोडण्यासाठी जमिनीवर दुसरा रिसीव्हर सर्वदिशी अँटेनासह ठेवतात आणि दोहोंपैकी प्रबळ संकेत निवडणारा स्विच वापरतात. निवड बदलताना एखादा संदेश तुटतो, त्याचे काही बिघडत नाही. परंतु विसंकेतकाची तार या स्विचच्या पुढे जोडलेली असली पाहिजे. ती केवळ दिशादर्शी अँटेनाच्या रिसीव्हरला जोडलेली राहिली, तर दुसऱ्या रिसीव्हरवर चित्र टिकूनही ट्रॅकर आंधळाच राहतो.