शके की सन? लिलावातल्या वस्तूचे वर्णन
लेखमाला : जुन्याचे मोल – लेखांक सहावा

मैंदर्गीत मराठी बोलणारा ज्याला लिलाव म्हणतो, त्याला शेजारचा कन्नड बोलणारा हराज म्हणतो आणि मराठवाड्यातून आलेला पाहुणा हर्रास. शब्द तीन, व्यवहार एकच. माल पुढ्यात ठेवायचा, बोली चढत जायची, शेवटची बोली ज्याची त्याचा माल. तुरीचा किंवा ज्वारीचा लिलाव असेल तर व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, दोन दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो. जुन्या वस्तूंच्या लिलावात बहुतेकांना ही मूठ मिळत नाही. घेणारा मुंबईत, बंगळूरमध्ये किंवा लंडनमध्ये बसलेला असतो. त्याच्यासमोर एक फोटो असतो आणि त्याखाली आठ-दहा ओळी. त्या ओळींवर विसंबून तो पैसे मोजतो.

त्या ओळी कशा लिहितात, हा या लेखांकाचा विषय.

अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हे अक्कलकोट-दुधनी वाटेवरचे गाव. कर्नाटकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. अशा सीमेवरच्या गावांतल्या जुन्या घरांत सापडणाऱ्या वस्तूही दोन भाषांच्या असतात. तांब्याचे घंगाळ, पितळी समई, पानाचा डबा, अडकित्ता, कुलदैवतांचे टाक, लिंगायत घरांत इष्टलिंगाची चांदीची करडगी, एखादी बिदरी सुरई, भिंतीवर रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी. घर पाडायला काढले की यातले बरेचसे बाजारात जाते आणि तिथे त्याला एकच प्रश्न विचारला जातो : वजन किती? मग मोड म्हणून भाव होतो, घट धरली जाते आणि शंभर वर्षे वापरलेले भांडे भट्टीत वितळून जाते. भांड्याला वजनापलीकडचे मोल होते की नव्हते, हे कुणाला कळतही नाही, कारण ते कुणी कागदावर उतरवलेलेच नसते.

एक घंगाळ समोर आहे असे धरून चालू. घरमालक सांगेल, ‘आजोबांच्या आजोबांच्या काळातले, दीडशे वर्षांपूर्वीचे.’ त्याच्या सांगण्यात खोटेपणा नसतो. त्याने लहानपणापासून हेच ऐकलेले असते. पण वर्णन लिहिणारा आधी ऐकत नाही, पाहतो. घंगाळ उन्हात नेऊन तिरपे धरतो. बुडाच्या चार बोटे वर एक आडवी रेघ दिसते. ती सरळ नसते, दाते असतात तिला. म्हणजे बूड आणि अंग हे दोन वेगळे पत्रे एकमेकांत दातेरी अडकवून, पितळेच्या डाखाने सांधलेले आहेत. हातोडीखाली घडलेल्या तांबटकामाची ही ओळख. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो; त्याच्या पृष्ठभागावर एकाभोवती एक अशा बारीक गोल रेषा असतात. पुढे दोन्ही कड्या पाहायच्या. एकीचे रिव्हेट झिजून गुळगुळीत झाले आहे, दुसरीचे अजून टोचते. म्हणजे दुसरी कडी नंतर बसवलेली आहे.

आणि मग काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे. भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडची रीत जुन्या वस्तूंच्या अभ्यासकाला मोठे वरदान ठरली आहे. युरोपातल्या चांदीच्या भांड्यावर कारागिराची खूण मिळते, पण ते कुणाला, कशासाठी दिले हे सहसा मिळत नाही. आपल्याकडे साध्या तांब्यावरही देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, लग्न की मुंज आणि पुष्कळदा सालसुद्धा असते. या घंगाळावर दोन ओळी आहेत आणि दुसरीच्या शेवटी १८६२ हा आकडा.

इथेच भलेभले चुकतात. १८६२ वाचले की मन लगेच राणीच्या राज्यात जाते. दीडशे वर्षांच्या वर वय झाले, घरमालकाचे म्हणणे खरे ठरले! पण आकड्याआधीचे अक्षर काटाच्या थराखाली झाकलेले असते. मऊ ओल्या फडक्याने हळूच पुसल्यावर ‘शके’ दिसते. शकात ७८ मिळवायचे, पौषानंतरची तिथी असेल तर बहुधा ७९. शके १८६२ म्हणजे इ.स. १९४०-४१. भांडे एका दमात ७८ वर्षांनी तरुण झाले. या भागात आणखी एक सावधगिरी लागते. निजामाची हद्द जवळ असल्याने जुन्या कागदांवर आणि कधी वस्तूंवरही फसली साल येते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळते. तेच १९४० साल फसलीत १३५०, शकात १८६२ आणि विक्रम संवतात १९९७. म्हणून नियम असा की आकडा जसा आहे तसा, त्याच लिपीत उतरवायचा. रूपांतर कंसात, वेगळे.

आता लिहिलेले वर्णन असे होईल : ‘घंगाळ. तांबे, ठोकीव, पितळी कड्या. व्यास ४५ सें.मी., उंची २४ सें.मी., वजन ५ किलो २०० ग्रॅम. बुडावर दातेरी सांधा. काठाखाली देवनागरीत टिंबांचा दोन ओळींचा मजकूर, शेवटी शके १८६२ (इ.स. १९४०-४१). एक कडी नंतर बसवलेली. बुडाशी पोचा, काठाला दोन सें.मी. चीर, त्यावर जुना डाख. विक्रेत्याच्या घरात वापरात होते, असे विक्रेत्याचे सांगणे.’ या मजकुरात ‘दुर्मीळ’ नाही, ‘अप्रतिम’ नाही. तरीही दूर बसलेल्या माणसाला घंगाळ दिसते. शेवटच्या वाक्यातले ‘असे विक्रेत्याचे सांगणे’ हे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कानांनी ऐकले, त्यांच्यात या शब्दांनी कुंपण घातले आहे.

हे कुंपण किती मोलाचे, ते २०२५ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. २९ एप्रिलला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात एक मराठा तलवार आली. पाते युरोपीय घडणीचे, एकधारी; मुठीवर सोन्याची कोफ्तगरी नक्षी; आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने लिहिलेले नाव, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७.१५ लाख रुपयांत मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या ओळीतला एकेक शब्द पाहा. ‘सेनासाहेब सुभा’ हा छत्रपती शाहू महाराजांनी नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांना दिलेला किताब. ‘फिरंग’ म्हणजे परदेशी पात्याची तलवार. मालक, त्याचा हुद्दा आणि शस्त्राची जात, तिन्ही गोष्टी तलवार स्वतःच सांगते. मात्र ती नागपुराहून लंडनला कशी पोचली, हे तिच्यावर लिहिलेले नाही. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीच्या लोकांनी ती नेली असावी, असा अंदाज जाणकार करतात. अंदाज पटण्याजोगा आहे, पण तो अंदाजच आहे, आणि चांगले वर्णन त्याला अंदाजच म्हणते.

महाराष्ट्रात २०२४च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी आलेल्या वाघनखांबाबत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हीच रीत पाळली. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे ती आली, आणि त्याच्या घराण्यातली पेटी त्यांना शिवाजी महाराजांची वाघनखे म्हणते, इतके संग्रहालय नोंदवते; अफजलखानाच्या वधात वापरलेली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही, हेही सांगते. कुणाला ते रुचले नाही. पण पेटीवरचा मजकूर हा पेटीचा पुरावा असतो, आतल्या वस्तूचा नव्हे. महाराजांच्या नावाशी जोडलेल्या वस्तूबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. ज्याचे प्रेम खरे आहे, त्याला खरा पुरावाच हवा असतो.

वर्णन खोटे लिहिले तर काय होते, याचे उदाहरण तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या नटराजाचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. विक्रेता सुभाष कपूरने सोबत मालकीची साखळी दिली होती : मूर्ती १९७२च्या आधीच भारताबाहेर गेली, असे दाखवणारे कागद. सगळे बनावट. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे देवळातल्या त्याच मूर्तीचे जुने फोटो निघाले आणि २०१४ साली नटराज परत आला. एका गावच्या देवळाचा कुणीतरी काळजीने फोटो काढून ठेवला होता, म्हणून देव घरी परतला.

बनावट कागदांत १९७२ हेच साल का? कारण त्या वर्षी आपला पुरावस्तू आणि कलानिधी कायदा झाला. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षे पुरतात. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिचा व्यवसाय करायला परवाना लागतो. दगडी व धातूची शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून शके की सन हा प्रश्न फक्त भावाचा राहत नाही. आपले घंगाळ १८६२ सालचे असते तर ते पुरावस्तू ठरले असते. १९४० सालचे असल्याने आज ते जुने भांडे आहे.

हस्तिदंताची मूठ असलेली काठी किंवा वाघाचे कातडे यांचे वर्णन कितीही सुंदर लिहिले तरी वन्यजीव कायद्यामुळे त्यांची विक्री होत नाही. शेतात नांगराला लागलेला नाण्यांचा हंडा १८७८च्या निखात निधी कायद्याखाली येतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. आणि वेशीजवळचा वीरगळ कुणा एकाचा नसतो. त्याला हलवून लिलावात नेणे ही चोरी आहे.

वर्णनात सर्वांत जास्त गैरवापर होणारा शब्द म्हणजे ‘शिवकालीन’. तलवार दिसली की शिवकालीन, कुलूप दिसले की शिवकालीन, उरलेले सगळे पेशवेकालीन. ज्याला काळ सांगता येत नाही त्याने ‘काळ अनिश्चित’ लिहावे. जाणता ग्राहक त्या दोन शब्दांवर जास्त विश्वास ठेवतो. नाण्यांत हा गोंधळ फार. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते, पण महाराजांनंतरही दीर्घकाळ याच मजकुराच्या शिवराया पाडल्या जात होत्या. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरे कापली जातात. वर्णनात दिसतात तेवढीच अक्षरे लिहायची. उरलेली मनाने भरायची नाहीत. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. आणि नाणे चिंच-मिठाने घासायचे नाही. काळाने चढवलेला रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याबरोबर निम्मा भावही जातो.

जत्रेत आणि मोबाइलवर फिरणारी, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल असलेली जाड चकती हे चलनातले नाणे नव्हे. तिच्यापायी लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी ‘फी’ मागणारे भेटतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.

रविवर्म्याच्या चित्रांचेही तसेच. मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्याने देवदेवता घरोघरी पोचवल्या. भिंतीवरची लक्ष्मी त्या छापखान्यातली असली तर ती शिळाछाप आहे, रविवर्म्याच्या हातचे तैलचित्र नाही. भिंगाखाली रंगांचे बारीक, अनियमित ठिपके दिसतात. खालच्या पट्टीत छापखान्याचे नाव असेल तर चौकट काढून तेही टिपावे. एखाद्या घरच्या बाईने लक्ष्मीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या असतील, तर काही जण तो दोष मानून काढून टाकतात. तसे करू नये. त्या टिकल्या त्या चित्राच्या घरगुती आयुष्याचा भाग आहेत, आणि संग्राहक त्यांच्यासाठीच ते घेतो.

पुण्यात काका केळकरांनी आपला मुलगा राजा याच्या स्मृतीसाठी उभा केलेला आणि १९६२ साली राज्य शासनाला दिलेला संग्रह ज्याने पाहिला, त्याला अडकित्त्यांसमोर आणि दिव्यांसमोर थांबावेसे वाटतेच. त्या वस्तू राजदरबारच्या नव्हेत, घराघरांतल्या आहेत. मैंदर्गीच्या माड्यांवर असतात तशाच. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहून येणारे आपल्या घरातल्या पानाच्या डब्याकडेही त्याच नजरेने पाहू शकतात.

यासाठी पैसा लागत नाही, पुष्कळसे घरीच होते. पुढच्या वेळी मोडीसाठी भांडी काढाल तेव्हा तराजूवर ठेवण्याआधी एक काम करा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भांड्यावरचे नाव, गाव आणि साल यांचे फोटो घ्या, बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ते कुणी कुणाला दिले होते ते विचारून, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून काढा. मजकूर कन्नडमध्ये असेल तर कन्नड वाचणाऱ्याकडून, मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. मग भांडे ठेवायचे की द्यायचे ते ठरवा.

पुढील लेखांकात : बिदरी काम, जस्ताची मिश्रधातू आणि किल्ल्याच्या मातीने येणारा काळा रंग.